रात्रीपुरती जागा

आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाई कुठंही चटकन बसत नसत. स्टाफरूममध्ये बारा खुर्च्या होत्या. शाळा सुरू झाली की बाई प्रत्येक खुर्चीवर एकेक आठवडा बसून बघत आणि सप्टेंबरात कधीतरी त्यांचा निर्णय होई. मग वर्षभर ती खुर्ची त्यांची. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, कारण मधल्या काळात "खिडकीबाहेरचा कडुनिंब वाढलाय, वारा आता तसा येत नसणार." एसटीत त्यांच्यासोबत चढणं म्हणजे परीक्षाच होती. सकाळच्या पाथर्डी गाडीत डावीकडं बसायचं, कारण ऊन उजवीकडून येतं. मागच्या चाकावर बसायचं नाही. ज्या खिडकीची काच खडखडते तिच्याजवळ तर नाहीच नाही. एवढं सगळं जुळेपर्यंत गाडी भरलेली असे आणि बाई पाथर्डीपर्यंत उभ्यानं जात. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

"चुकीच्या जागी बसण्यापेक्षा उभं बरं," म्हणत.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. नव्यानं आलेली एखादी शिक्षिका धीर करून कारण विचारी. बाई शांतपणे सांगत, "स्थळं पुष्कळ आली. एकही सपाट नव्हतं."

शाळा भिंगारची. बाईही भिंगारच्याच. त्यांचे वडील कॅम्पातल्या लष्करी डेपोत तंबू शिवायला होते. फाटलेले, उसवलेले, उंदरांनी कुरतडलेले तंबू दुरुस्त करायचं काम. नोकरीतल्या माणसांसाठी ज्या चाळी होत्या त्यांतच बाईंचं लहानपण गेलं, आणि त्या चाळीही तीनदा बदलाव्या लागल्या. ठेंगणी, दणकट बांधा, साडीवर कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जात, तेव्हाही बूट तेच. विहारातली त्यांची बसायची जागा मात्र कायमची ठरलेली होती. ती कशी ठरली असेल याची मी फक्त कल्पना करू शकते.

मी तिथं विज्ञान शिकवायला लागले तेव्हा बाईंची निवृत्ती सहा-सात वर्षांवर आली होती आणि त्यांच्याकडं दोन कयाक होत्या. कयाक म्हणजे दोन माणसं पुढं-मागं बसतील अशी लांबट, चपटी प्लास्टिकची होडी. दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं ती चालवायची. कुठल्याशा बंद पडलेल्या जलक्रीडा केंद्राचं सामान निघालं होतं, त्यातून बाईंनी त्या उचलून आणल्या. एक लाल, एक पिवळी. भावाच्या घराच्या गच्चीवर त्या पालथ्या पडलेल्या असत आणि खालून पाहणाऱ्याला वाटे, या घराला पाण्याच्या दोन विचित्र टाक्या आहेत. सुट्टी लागली की बाई ओळखीच्या टेम्पोत त्या चढवत, राहुरीकडं मुळा धरणावर नेत आणि दोन-तीन दिवस धरणाच्या फुगवट्यात फिरून येत. रात्री काठावर तंबू. परवानगीचा कागद त्यांनी प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला होता. काठावरची माणसं कागद विचारत नसत, ती विचारत, "बाई, ही डोनी जनावराला पानी पाजायची, का तुमाला बसायची?"

दोन होड्या म्हणजे चार माणसं लागणार. एक बाई. पिवळ्या होडीत आमचे चित्रकलेचे सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी. चौथी जागा रिकामी होती आणि बाईंची नजर माझ्यावर गेली.

मी तीनदा नाही म्हणाले. पोहता येत नाही म्हणाले, तर त्यांनी मला एका ओळखीच्यांच्या विहिरीत नेऊन जॅकेट घालून अर्धा तास तरंगत ठेवलं. घरी चालणार नाही म्हणाले, तर घरी येऊन माझ्या सासूबाईंसोबत चहा पिऊन गेल्या, आणि जाताना सासूबाईच मला म्हणाल्या, "जा की. चांगल्या आहेत बाई." खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते पुढं येईलच.

पाण्यावर गेल्या की बाईंमध्ये एक बदल होई. शाळेत त्या सगळ्यांना अहो-जाहो करत, मलाही 'मॅडम' म्हणत. पाय पाण्यात बुडला की सगळे 'तू'. चित्रकलेच्या सरांना त्या शाळेत 'सर, आपण जरा येता का' म्हणत, आणि धरणात 'अरे, वल्हं उलटं धरलंयस तू.' एकदा मुख्याध्यापक हौसेनं काठापर्यंत आले होते, होडीला हात लावून उभे राहिले आणि नेमके घोटाभर पाण्यात उतरले. "सरक बाजूला," बाई म्हणाल्या. मुख्याध्यापक सरकले.

वल्हवताना त्या मागं बसून "डावा, उजवा, डावा, उजवा" असं संचलनासारखं म्हणत. ते तासभर चाले. पण त्यांचं खरं काम दुपारी तीननंतर सुरू होई. तीन वाजले की बाई गप्प होत आणि काठाकडं बघायला लागत. रात्रीपुरती जागा शोधायची वेळ झालेली असे.

जागा पसंत करायची त्यांची रीत अशी. होडी लावायची, पण सामान उतरवायचं नाही. बाई एकट्या वर जात. आधी पाण्याची जुनी रेघ बघत. पाणी उतरत असेल तर काठावर काडीकचऱ्याच्या एकाखाली एक रेघा दिसतात. पाणी चढत असेल तर रेघा नसतात, उभं हिरवं गवत पाण्यात बुडालेलं दिसतं. तसं गवत दिसलं की त्या तिथूनच परत फिरत, मग वर आभाळ कितीही निरभ्र असो. "इथं नसला तरी वर घाटात पडलेला असतो पाऊस. रात्री पाणी गादीखाली येतं, सांगून येत नाही." मग बाभळीचे काटे, मुंग्यांची वारुळं, एकटं उंच झाड. मोटारीच्या वायरी पाण्यात गेल्या असतील तर ती जागा बाद. ऊस दिसला तर बाद, कारण उसात बिबट्या. जनावरं दुपारची जिथं बसतात ती जागा त्यांना आवडे. एकदा एक म्हैस त्यांना हवी होती तिथंच बसली होती, तर बाई अर्धा तास तिच्याशेजारी बसून राहिल्या, ती उठेपर्यंत.

हे सगळं जमलं की खिशातून लिंबू निघे. लिंबू जमिनीवर ठेवायचं आणि ते कुठं गडगडतं ते बघायचं. जागेवर थांबलं तर जागा सपाट. मग त्या लांब हातपाय पसरून त्या जमिनीवर उताण्या पडत. डोळे मिटून, पाच मिनिटं. काठावर आम्ही तिघं होड्या धरून उभे. आणि एवढं होऊनही शेवटची अट राहिलेली असे. जवळच्या वस्तीवर जाऊन विचारून यायचं.

"आधी शेजार बघायचा, मग जमीन," त्या म्हणत. "तंबू कुठंही उभा राहतो. माणसाला मात्र रात्री कुणीतरी हाकेच्या अंतरावर लागतं."

चित्रकलेच्या सरांचं आणि त्यांचं यावरून कायम वाजे. सरांना देखावा हवा असे. पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक, समोर मावळता सूर्य, मागं डोंगराची रेघ, असं काही दिसलं की सर वल्हं आडवं ठेवून म्हणत, "बाई, याच्यापेक्षा सुंदर जागा तुम्हाला मिळणार नाही."

"सुंदर आहे," बाई म्हणत. "चित्र काढ आणि चल. डोळे मिटल्यावर देखावा दिसत नाही. पाठीखालचा दगड रात्रभर दिसतो."

पहिल्याच सहलीत एक जागा सगळ्या परीक्षा पास झाली होती. लिंबू थांबलं, बाई आडव्या पडून उठल्या, वस्तीवरून होकार आला. तंबूच्या पिशव्या उतरवायला लागलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इथं ओल वर येईल."

बाईंनी वळून पाहिलं. "कशावरून?"

"हा एवढा पट्टाच जास्त हिरवा आहे. आणि मुंग्या नाहीत इथं. आजूबाजूला आहेत."

बाईंनी वाकून पाहिलं. दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं. मग सगळं सामान पंधरा हात वर हलवलं. तंबू उभा झाल्यावर विचारलं, "कुठं शिकलीस?"

"कॉलेजला. एनएसएसच्या कॅम्पात."

"अस्सं," बाई म्हणाल्या.

मी खोटं बोलले होते. मी पाथर्डी तालुक्यातली. माझे आई-वडील ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की गावातून ट्रक निघायचे आणि आम्ही कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत, कुणाच्यातरी रानात जाऊन पडायचो. तिथं गेल्या गेल्या कोपी घालायची. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांची कमान करून, वर चटई आणि पाचट टाकून केलेली झोपडी. आत उभं राहता येत नाही. वडील सामान उतरवेपर्यंत आई जागा बघायची. तिच्या मागं मागं मी. सहावीपर्यंत माझे हिवाळे तसे गेले, मग मामानं मला वसतिगृहात घातलं आणि त्यानंतर मी जमिनीवर झोपले नाही. नोकरी लागल्यावर पहिला पलंग घेतला. म्हणून बाई मला "तंबूत राहायला चला, मजा येते" म्हणाल्या तेव्हा मी तीनदा नाही म्हणाले होते. ज्यातून बाहेर पडायला मी एवढी शिकले, तिथं हौसेनं, सुट्टी काढून जायचं? आणि शाळेत कुणाला हे माहीत नव्हतं. आई-वडील काय करतात विचारलं की मी 'शेती' म्हणायची.

तरी मी जात राहिले. का, ते नीट सांगता येत नाही. कदाचित बाईंना जागा शोधताना बघायला मला आवडत होतं.

एका वर्षी नाताळच्या सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा बाईंनी पाच जागा नाकारल्या. पहिल्या जागेत काटे. दुसरी सरांचं लाडकं टोक, तिन्ही बाजूंनी वारा. तिसरी इतकी मऊ आणि सपाट की मलाही वाटलं, झालं. पण बाई वर गेल्या आणि लगेच खाली आल्या. पाणी ओसरलेल्या गाळात कुणीतरी हरभरा पेरला होता, बोटभर वर आला होता. "कुणाच्या ताटात झोपायचं नाही," म्हणाल्या. चौथ्या जागी मोटारीच्या वायरी. पाचव्या जागेत मला तर काहीच दोष दिसला नाही. बाई पाच मिनिटं आडव्या पडून उठल्या आणि म्हणाल्या, "नाही."

"का पण?" सर म्हणाले.

"कळत नाही. पण नाही."

एव्हाना साडेपाच होत आले होते. वारा सुटला होता आणि पाण्यावर लाटा आल्या होत्या. वहिनी दमल्या होत्या. पिवळी होडी मागं पडायला लागली.

"बाई," सर ओरडून म्हणाले, "आता पुढं जी जागा येईल तिथं मी उतरणार. दगड असू द्या, काटे असू द्या."

"उतर," बाई म्हणाल्या. "लिंबू देऊ?"

एक वळण घेतलं आणि धूर दिसला. काठाच्या वर रांगेनं पंधरा-वीस कोप्या. बैल बांधलेले, मागं तोडणीला आलेला ऊस. वाऱ्यासोबत जळक्या पाचटाचा वास आला आणि माझा हात थांबला. तो वास मी वीस वर्षांत घेतला नव्हता.

"इथं नको," मी म्हणाले.

"का?"

"ऊस आहे. बिबट्या असेल."

"एवढी माणसं, एवढी कुत्री, चुली पेटलेल्या," बाई म्हणाल्या. "इथं बिबट्या कशाला येईल?"

"नको, बाई. पुढं जाऊ."

मागं बाईंचं वल्हं थांबलं. मी वळून पाहिलं नाही. त्या काय ठरवणार होत्या ते मला कधीच कळलं नाही, कारण तेवढ्यात पिवळी होडी आडवी झाली आणि लाटेनं ती पालथी केली. काठ दहा हातांवर होता, पाणी कमरेइतकं. जीवाला धोका काही नव्हता. पण सर आणि वहिनी डोक्यापासून भिजले, वहिनींची एक चप्पल गेली आणि सर चहा-साखरेचा डबा डोक्यावर धरून पाण्यातून चालत निघाले, जणू सगळं जग बुडालं तरी चहा वाचला पाहिजे.

वरून तीन-चार बायका घागरी घेऊन उतरत होत्या. त्यांतल्या एका वयस्कर बाईनं घागर खाली ठेवली, लुगडं खोचलं आणि सरळ पाण्यात उतरून आमच्या होडीचा दोर ओढला.

"कुठनं आलाय ओ?" ती म्हणाली. "पान्यात काय हरवलंय का?"

"नाही, फिरायला आलोय," बाई म्हणाल्या. "मावशी, रात्रीपुरती इथं जागा मिळेल का?"

"जागा काय आमची हाय व्हय? पसरा की. आधी ह्यांना जाळापाशी न्या, थंडीनं काकडल्यात."

सर आणि वहिनींना कोणीतरी चुलीजवळ नेलं, गोधड्या दिल्या. मावशीनं कोप्यांच्या शेवटी एक मोकळी जागा दाखवली. सपाट, झाडलेली, वाऱ्याला आडोसा. बाईंनी खिशातून लिंबू काढलं, खाली ठेवलं. थांबलं. बाई आडव्या पडायला वाकल्या.

मी गप्प राहू शकले असते. पण ते डोळ्यांसमोर दिसत होतं.

"बाई, तिथं नको. ती बैलगाड्यांची वाट हाय. पहाटं तीनला गाड्या जुपल्या की तिथनंच निघतील."

हे मी माझ्या शाळेतल्या बोलीत बोलले नव्हते. माझ्या लक्षात आलं ते मावशीच्या तोंडाकडं बघून.

"तुला गं कसं ठावं?" ती म्हणाली.

बाई अर्धवट वाकलेल्या, तशाच थांबल्या. पलीकडं चुलीपाशी सर गोधडीतून डोकं बाहेर काढून बघत होते.

"आमी बी कोयत्यावरच हुतो," मी म्हणाले. "माझी आई, बाप. मी सहावीपर्यंत आलेय कोपीवर."

"कुठली तू?"

"पाथर्डीकडची."

"मंग असं सांग की." मावशीचा आवाज एकदम बदलला. "आन आता काय करतीस?"

"मास्तरीन हाय. ह्या बी मास्तरीन हायेत."

मावशीनं मागं वळून हाक मारली, "ए, हिकडं या गं. आपल्याकडची पोरगी हाय, मास्तरीन झालीया." मग बायका जमल्या. कोणाची कोण, कोणत्या गावची, माझ्या मामाचं गाव कोणतं, असं दहा मिनिटं चाललं. एकीच्या चुलत जावेचं माहेर माझ्या गावात निघालं. मी हसत उत्तरं देत होते. मनात एकच, आता सर काय म्हणतील, वहिनी काय म्हणतील, सोमवारी शाळेत काय होईल.

सर गोधडी सावरत माझ्याजवळ आले. चेहरा फार गंभीर.

"म्हणजे मॅडम," ते म्हणाले, "तुम्हाला तीन दगडांची चूल पेटवता येते?"

"येते."

"मग गेल्या तीन सहली आम्ही त्या फुसक्या स्टोव्हपुढं का बसतोय?"

एवढंच. सोमवारी शाळेत काहीच झालं नाही. सरांनी कुणाला सांगितलं असेल तर पालथ्या होडीचं सांगितलं असेल, आणि त्यातही डबा वाचवल्याचं.

त्या संध्याकाळी मावशीनं दाखवलेल्या दुसऱ्या जागेवर, बैलांच्या दावणीपासून लांब, आम्ही तंबू लावले. या वेळी बाईंनी काही तपासलं नाही. मला विचारलं, "इथं?" मी हो म्हणाले. मावशीच्या चुलीवर मी भाकरी केल्या. पहिल्या दोन बिघडल्या, तिसरी जमली. तिच्याच पातेल्यातल्या मसुरीच्या आमटीत बाईंनी खिशातलं लिंबू चिरून पिळून टाकलं. "आज याचं दुसरं काम नाही," म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. बसण्याआधी जागा बघितली नाही, हे माझ्या ध्यानात आलं.

"एनएसएसमध्ये ओल ओळखायला शिकवत नाहीत," त्या म्हणाल्या. "मी स्वतः दहा वर्षं कॅम्प घेतलेत."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"काय ते माहीत नव्हतं. काहीतरी आहे एवढं माहीत होतं."

"मग विचारलं का नाही?"

"तू सांगितलं नाहीस." मग म्हणाल्या, "मी शाळेत असताना मुली विचारायच्या, वडील काय करतात. मी सांगायचे, मिलिट्रीत आहेत. मुलींना वाटायचं बंदूक असेल. त्यांच्याकडं दाभण होता." आणि त्या हसल्या. "एकदा शाळेचा स्नेहसंमेलनाचा मांडव फाटला. मुख्याध्यापकांनी डेपोतून माणूस बोलावला. आले ते माझेच वडील. दोन तास सगळ्या वर्गासमोर बसून मांडव शिवला. जाताना माझ्याकडं बघितलंही नाही. घरी आल्यावर म्हणाले, तुला ओळख दाखवायची का नाही ते मला माहीत नव्हतं, म्हणून नाही दाखवली."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून टाकलं. कुणाला काही वाटलं नाही. मांडव चांगला शिवला होता, एवढंच सगळ्यांना आठवत होतं."

जाता जाता त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला आण एकदा. मला त्यांना दोन प्रश्न विचारायचे आहेत."

हे बाईंनी नुसतं बोलण्यापुरतं म्हटलेलं नव्हतं. त्या दर महिन्याला विचारत. मी आईला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडं बघतच राहिली. गुडघ्यांमुळं तिचं तोडणीला जाणं बंद झालेलं, गावी आता दोन खोल्यांचं पक्कं घर, खाट, पंखा.

"आता परत रानात झोपाया?" ती म्हणाली. "कशापायी?"

"आमच्या बाईंना तुला काहीतरी विचारायचंय."

"फोनवर इचार म्हनावं."

बाईंनी फोन करायला नकार दिला. असे प्रश्न जागेवरच विचारायचे असतात, म्हणाल्या. वर्ष गेलं. शेवटी आई आली ती बहुधा मला गप्प करायला. बाईंनी तिला लाल होडीत पुढं बसवलं, जॅकेटचे बंद स्वतः बांधले. त्या दिवशी मी काठानं टेम्पोतून गेले. आई हाताची घडी घालून ताठ बसली होती, एसटीत बसावी तशी. मागून बाईंचं "डावा, उजवा" चाललेलं, आणि वल्हवत होत्या एकट्या बाईच.

दुपारी त्यांनी आईला जागा बघायला नेलं. मी थोड्या अंतरानं मागं.

"आक्का, पहिला प्रश्न," बाई म्हणाल्या. "ओल वर येणार हे आधी कसं कळतं?"

आईला प्रश्नाचं नवल वाटलं. ती गुडघ्यावर हात देऊन खाली बसली आणि तळवा जमिनीवर टेकवला. "असा हात ठिवायचा. धा आकडे म्हनायचे. गार लागला की उठायचं."

बाईंनी तिच्याशेजारी बसून तळवा टेकवला, दहा आकडे म्हटले आणि मान हलवली, जणू एखादी मोठी विद्या मिळाली.

"दुसरा प्रश्न. इतक्या वर्षांत इतक्या जागी राहिलात. सगळ्यात चांगली जागा कोणती होती?"

आईनं तळव्याची माती झटकली. मला वाटलं, एखाद्या गावाचं नाव घेईल.

"कुनाला ठावं," ती म्हणाली. "अंधारात जायाचं तोडायला, अंधारात परत यायचं. जागा कशी हुती ते दिवसा कुठं बघितलंय?"

शाळेत इतकी वर्षं ज्यांचा शब्द शेवटचा असे त्या बाई मातीवर तळवा टेकवून तशाच बसून राहिल्या.

बाई निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. अजून जातात. होड्यांचा रंग उडालाय, सरांचे केस उडालेत, पाच-पाच जागा नाकारणं चालूच आहे. पण मला बाई आठवतात त्या जास्त करून आई आली होती त्या सहलीच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी.

एरवी त्या साडेपाचला सगळ्यांना उठवत. त्या दिवशी मला जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं आणि बाहेर कसलाच आवाज नव्हता. बाई आईच्या तंबूपासून चार पावलांवर मांडी घालून बसल्या होत्या. सर स्टोव्ह पेटवायला निघाले, तर बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं, कारण त्याचा फुर्रफुर्र आवाज होतो. वहिनी भांडी विसळायला घेणार, त्यांना लांब पाठवलं. एक धनगर शेळ्या घेऊन पाण्यावर आला तेव्हा बाई अनवाणी धावत त्याच्याकडं गेल्या, काहीतरी कानात सांगितलं, आणि तो माणूस हसून शेळ्या वळवून दुसऱ्या वाटेनं गेला. आम्ही तिघं चहाविना, कुजबुजत, बसून राहिलो. सात वाजले. आठ वाजले. सावली आखडत तंबूच्या दोराशी आली.

साडेआठनंतर केव्हातरी तंबूची चेन सरकली. आईनं डोकं बाहेर काढलं, केस विस्कटलेले, पदर सावरत. भांबावून इकडं तिकडं पाहिलं.

"आगं बया, लई येळ झाला का?"

"नाही आक्का," बाई म्हणाल्या, अगदी शांतपणे. "आत्ताच उजाडलंय."

आईनं वर उन्हाकडं बघितलं. बाईंकडं बघितलं. मग आत गेली, चेन लावून घेतली आणि परत आडवी झाली.